प्रूफाचा नियम सॉफ्टवेअरलाही लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘विंडोज १०’ला मोफत दुरुस्त्या मिळण्याची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपल्याची बातमी आपल्या अंकात आली आणि पाठोपाठ त्यावर दोन वाचकांची पत्रंही आली. एकांनी सॉफ्टवेअर कंपन्यांना दरोडेखोर ठरवलं. एकदा पैसे घेतले की पुढचं सगळं फुकट मिळालंच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्यांनी उलट ग्राहकालाच झापलं, की करार न वाचता ‘मान्य’ दाबता आणि मग गळा काढता. मला दोन्ही पत्रं अर्धी अर्धी पटली. उरलेल्या अर्ध्यासाठी हे लिहिते आहे.

कराडला माझं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर मजकूर जुळवून छपाईची पानं तयार करायचं, दुकान आहे. दुकान म्हणजे घराची पुढची खोली, दोन संगणक, एक लेझर प्रिंटर आणि ओट्यावर प्रूफ, म्हणजे छपाईआधीची कच्ची प्रत, तपासत बसायला एक बाक. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका, कुणाच्या वडिलांच्या वर्षश्राद्धाची पुस्तिका, असं काम. छपाई बाहेर, जुळणी माझी.

यंदा गणपती चार दिवसांवर आले असताना माझ्या मुख्य संगणकाचा मदरबोर्ड गेला. हातात एका पतसंस्थेचा ४८ पानी अहवाल. सभा १४ सप्टेंबरची. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि नोटीस चौदा दिवस आधी सभासदांना पोचावी लागते, त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबर हा आमचा सुगीचाही काळ आणि जीव टांगणीला लागण्याचाही. अहवाल कुणी नव्यानं टाइप करत नाही. गेल्या वर्षीची फाइल उघडायची, ‘चालू वर्षा’चे आकडे ‘मागील वर्षा’च्या रकान्यात सरकवायचे, नवे भरायचे, श्रद्धांजलीच्या पानावरची नावं बदलायची, अध्यक्षांच्या मनोगतातला पाऊस यंदा कमी झाला की जास्त तेवढं बघायचं. जुनी फाइल हातात असली की निम्मं काम झालेलं असतं.

हार्ड डिस्क वाचली होती. तातडीनं नवा संगणक आणला, फाइल उघडली, तर अध्यक्षांच्या मनोगताच्या जागी इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, डॉलरच्या खुणा यांचा काला. आमच्या धंद्यातल्या माणसाला याचं नवल वाटत नाही. जुने मराठी फॉन्ट म्हणजे सोंग आहे. संगणकाच्या लेखी तिथं इंग्रजी अक्षरच असतं, फॉन्ट त्याच्या जागी काना, वेलांटी किंवा अर्धा श काढून दाखवतो. फॉन्ट नसला की सोंग उतरतं. आणि माझा फॉन्ट चालायचा लॉकवर.

नव्या मंडळींसाठी सांगते. लॉक म्हणजे आगपेटीएवढा एक ठोकळा. संगणकाच्या मागं प्रिंटरची पंचवीस पिनांची जी खोबण असायची, तिच्यात तो बसवायचा. तो जागेवर असेल तरच सॉफ्टवेअर सुरू होणार. २००३ साली हे सॉफ्टवेअर मी १४,००० रुपयांना घेतलं, लॉकसकट. त्या वेळी आमच्या घरातला फ्रिज त्याहून स्वस्त होता आणि सासूबाईंनी ते चार वेळा बोलून दाखवलं. २०१० साली विंडोज ७ टाकलं तेव्हा आणखी ४,००० भरून पुढची आवृत्ती घेतली. लॉक तेच राहिलं. नव्या संगणकाला ती पंचवीस पिनांची खोबणच नाही. दुरुस्तीवाल्या पोरानं ४५० रुपयांची एक केबल आणून दिली, एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला जुनी खोबण. ती केबल प्रिंटर ओळखते, लॉक ओळखत नाही. वर नवा संगणक ६४ बिटचा, आणि लॉकचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला लॉकची ओळख करून देणारा प्रोग्राम, ३२ बिटच्या जमान्यातला.

कंपनीला फोन केला. पलीकडचा मुलगा नम्र होता.

“मॅडम, ते व्हर्जन डिस्कंटिन्यू झालंय.”

“अहो, पण लॉक चालू आहे माझं. सीडीपण आहे.”

“हो मॅडम, पण त्याला सपोर्ट नाही आता. नवीन घ्या ना. आता लॉकची भानगडच नाही. ऑनलाइन आहे, वार्षिक.”

वार्षिक म्हणजे ५,००० अधिक १८ टक्के जीएसटी, ५,९०० रुपये. मी विचारलं, वर्षानंतर नाही भरले तर? “मग ओपन होणार नाही.” नवीन काम करता येणार नाही की जुन्या फाइल्सही उघडणार नाहीत? तो क्षणभर गप्प झाला. “दोन्ही, मॅडम.”

कंपनीचं नाव लिहीत नाही. एक तर त्यांनी माझी फसवणूक केली असं मी म्हणत नाहीये, आणि दुसरं, नाव बदललं तरी गोष्ट तीच राहील.

त्या रात्री माळ्यावरून २००३चं खोकं काढलं. आत सीडी, कळफलकाचा तक्ता आणि चार पानी इंग्रजी कागद, जो बावीस वर्षांत कुणी उलगडलाही नव्हता. मुलगी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करते. ती गणपतीला आली होती, तिच्याकडून वाचून घेतला. त्यात लिहिलंय, की हा वापराचा परवाना आहे, विक्री नाही. एका संगणकापुरता आहे. सॉफ्टवेअर जसं आहे तसं दिलंय. सीडी ९० दिवसांत खराब निघाली तर बदलून मिळेल. बस्स. ‘आजीवन’ हा शब्द कुठं नाही. पण अमुक वर्षांनी बंद पडेल असंही कुठं नाही. विकायला आलेला माणूस मात्र आमच्या याच ओट्यावर चहा पिताना म्हणाला होता, “वहिनी, एकदा घेतलंत की पोराबाळांपर्यंत बघायला नको.” आणि बिलावर लिहिलंय ‘१ नग’.

हा ‘नग’ माझ्या डोक्यातून जाईना. कागद म्हणतो परवाना, बिल म्हणतं नग. मुलीनं शोधून सांगितलं, की सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली टाटा कन्सल्टन्सीच्या आंध्र प्रदेशातल्या खटल्यात सीडीवरचं तयार सॉफ्टवेअर ही ‘वस्तू’च आहे, त्यावर विक्रीकर लागतो, असं ठरवलं. पुढं २०२१ साली आयकराच्या एका मोठ्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितलं, की असं सॉफ्टवेअर घेणाऱ्याला कॉपीराइटमधला कुठलाही हक्क मिळत नाही, वापरापुरता परवाना मिळतो. मला आधी वाटलं, कर घेताना वस्तू आणि भांडायला गेलं की परवाना, बरं आहे! पण नीट पाहिलं तर विसंगती नाही. पुस्तक विकत घेतलं तर प्रत माझी, मजकूर लेखकाचा. तो मी छापून विकू शकत नाही. इथवर मान्य. फरक एवढाच, की बावीस वर्षांनी कपाटातलं पुस्तक उघडताना प्रकाशकाला फोन करावा लागत नाही.

माझ्या सासऱ्यांचा खिळ्यांचा, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं जुळवून छापायचा, छापखाना होता. पायानं चालवायचं ट्रेडल मशीन, लाकडी केस, एकेका खणात एकेक अक्षर. खिळे वजनावर यायचे. झिजले की त्यांचं छापलेलं अक्षर जाड आणि मुकं दिसायला लागायचं, मग ते शिशाच्या भावानं मोडीत जायचे आणि नवा टाइप यायचा. झिजलेले खिळे फुकट बदलून द्या असं सासरे ते ओतणाऱ्या फाउंड्रीवाल्याला कधी म्हणाले नाहीत. म्हणजे दर काही वर्षांनी पुन्हा खर्च येतो, हे छापखान्याच्या माणसाला नवीन नाही. पण ते झिजणं डोळ्यांना दिसायचं. कधी बदलायचं ते सासरे ठरवायचे, फाउंड्री नाही. सॉफ्टवेअर झिजत नाही. २००३ साली जसा ‘ज्ञ’ उमटायचा तसाच परवापर्यंत उमटत होता. झिजलं ते त्याच्याभोवतीचं जग. ती पंचवीस पिनांची खोबण गेली, विंडोज बदललं.

आता त्या पहिल्या पत्रलेखकांबद्दल. ‘पुढचं सगळं फुकट’ हे मला का पटत नाही, याचं कारण माझ्याच दुकानातल्या भिंतीवर टांगलंय. पाटी अशी आहे: ‘आमच्या चुका कितीही वेळा मोफत दुरुस्त करून मिळतील. मजकुरातील बदलास वेगळा आकार पडेल.’ ही पाटी लावण्याआधी एका निवृत्त सरांनी शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेची सात प्रूफं काढायला लावली होती. पहिल्या प्रूफात माझ्या चुका होत्या, ‘विद्यार्थी’चा ‘विध्यार्थी’ झालेला वगैरे. त्या मी निमूट दुरुस्त केल्या. दुसऱ्या प्रूफापासून सरांना नवनवीन आठवायला लागलं. देणगीदारांची यादी आडनावांप्रमाणे लावा, मग रकमेप्रमाणे लावा, मग पुन्हा आडनावांप्रमाणे. बिलात मी पाच प्रूफांचे पैसे लावले तेव्हा सर बिथरले. “एकदा ठरले ना पैसे? मग?” म्हटलं, “सर, चूक माझी असती तर सातशे वेळा दुरुस्त केली असती. हे तुमचे बदल आहेत.”

जगातल्या कुठल्याही छापखान्यात हाच नियम आहे. जुळणी करणाऱ्या कंपोझिटरची चूक फुकट, लेखकाचा बदल पैशानं. तो सॉफ्टवेअरला लावून बघा, भांडण बरंचसं मिटतं. जोडाक्षर चुकीचं उमटतं, अहवालाच्या मधल्याच पानावर प्रोग्राम बंद पडतो, चोरवाट राहून गेल्यामुळं व्हायरस शिरतो, या त्यांच्या चुका. त्या मोफतच दुरुस्त व्हायला हव्यात, माल विकून दहा वर्षं झाली असली तरी. नवे पन्नास फॉन्ट, बोलून टाइप करायची सोय, मोबाइलवर चालणारी आवृत्ती, हे नवं काम. त्याचे पैसे मागितले तर तोंड वाकडं करू नये. आपल्याकडे ते होतं. माझ्याकडे पाचशे पत्रिकांना घासाघीस न करता पैसे देणारा माणूस संगणकातल्या मालाला पैसे द्यायचे म्हटलं की चकित होतो.

मुलीनं त्या रात्री मला हिशेबच घातला. “आई, चौदा हजार आणि चार हजार, अठरा हजार. बावीस वर्षं वापरलंस. वर्षाला आठशे अठरा रुपये. महिन्याला अडुसष्ट. तेवढ्यात त्यांनी प्रत्येक नव्या विंडोजवर टेस्टिंग करायचं, लॉक बनवणाऱ्याला पैसे द्यायचे, फोन उचलायला माणूस ठेवायचा. आणि नवीन गिऱ्हाईक आहे कुठं? आता मोबाइलवर सगळे फुकटच मराठी टाइप करतात.” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. एकदाच विकून कायमची सेवा द्यायची तर कंपनीला रोज नवं गिऱ्हाईक मिळायला हवं, आणि आमच्या धंद्यात नवं पोरगं येत नाही. त्यामुळं वर्षाला पैसे मागण्यावर माझा राग नाही.

माझा राग तिसऱ्याच प्रकारावर आहे. चूक ना त्यांची, ना बदल माझा. मधल्या मध्ये विंडोज बदललं. असल्या वेळी आमच्या धंद्यात काय करतात? एकदा पत्रिका छापून झाल्यावर मुलाचे आजोबा गेले आणि लग्न पुढं ढकललं. पाचशे पत्रिका वाया. ना माझी चूक ना त्यांची. मी जुळणीचे पैसे घेतले नाहीत, छापखान्यानं मजुरी सोडली, त्यांनी कागदाचे आणि प्लेटचे भरले. कुणी कायदा काढला नाही. सॉफ्टवेअरमध्ये याला तोड म्हणजे, नव्या विंडोजवर जुनंच सॉफ्टवेअर चालण्यापुरती रास्त आकारणी घ्या. नवं लॉक द्या, हजार-दोन हजार घ्या, मी हसत देईन. तेही जमत नसेल, तर निदान जुन्या फाइल्स उघडून मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येईल अशा अक्षरांत, काढून घेण्याची एक छोटी सोय कायमची मोकळी ठेवा. फॉन्ट कंपनीचा, मान्य. पण त्या फाइलमधला मजकूर पतसंस्थेचा आहे, स्मरणिका सरांची आहे. त्या मजकुराच्या दाराला यांचं कुलूप का?

शेजारच्या गल्लीत असंच दुकान आहे. त्याच्याकडे त्याच सॉफ्टवेअरची ‘क्रॅक’ केलेली प्रत आहे, त्यात लॉकची अटच उडवलेली. त्या आठवड्यात त्याचं काम सुरळीत चालू होतं. रोख पैसे भरून, बिल सांभाळून ठेवलेली मी मात्र डोक्याला हात लावून बसले होते. अहवाल ३० ऑगस्टला बाहेर पडला. तो कसा पडला ते मी लिहीत नाही, कारण जाणूनबुजून चोरीचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला कॉपीराइट कायद्याच्या ६३बी कलमाखाली किमान सात दिवस आणि कमाल तीन वर्षं कैद आहे. त्या शेजाऱ्याला मात्र मी मोदक नेऊन दिले, एवढं लिहायला हरकत नसावी.

दुसऱ्या पत्रलेखकांचं म्हणणं, की करार वाचायला हवा होता. वाचला असता तरी काय केलं असतं? खोकं उघडल्याशिवाय करार दिसत नाही आणि खोकं उघडलं की माल परत घेत नाहीत. आता तर खोकंही नाही, पडद्यावर इंग्रजी मजकूर आणि खाली एकच बटण. तुमचं विंडोजचंच उदाहरण घ्या. २०१५ साली ते आलं तेव्हा शेवटची तारीख १४ ऑक्टोबर २०२५ मायक्रोसॉफ्टनं कागदोपत्री जाहीर केलेलीच होती. पण त्याच वर्षी त्यांच्याच एका माणसानं परिषदेत सांगितलं, की हे विंडोजचं शेवटचं व्हर्जन आहे, आणि लोकांच्या लक्षात राहिलं ते हेच. कागदावर एक, कानावर दुसरं. तो मोठ्या सभेत बोलला, माझा विक्रेता ओट्यावर चहा पिताना, एवढाच फरक. माझ्या नियमानं बघितलं तर मायक्रोसॉफ्ट फार वाईट वागलं असंही नाही. दहा वर्षं चुका फुकट दुरुस्त केल्या, विंडोज ७ आणि ८.१ वाल्यांना पहिलं वर्षभर १० मोफत दिलं, आणि आताही आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत, सुरक्षेच्या दुरुस्त्या घेता येतात. त्यासाठी तीस डॉलर किंवा मग मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून आपल्या संगणकाच्या सेटिंग्ज त्यांच्याकडे ठेवायच्या. फुकटाची ती किंमत. खटकतं ते हे, की आमच्या यजमानांचा लॅपटॉप ठणठणीत असून त्यावर विंडोज ११ बसत नाही, कारण प्रोसेसर त्यांच्या यादीतला नाही.

ग्राहकाला काय घेतोय ते कळत नाही, याचा फायदा कसा उठवतात तेही सांगते. माझ्या दिरांचं हार्डवेअरचं दुकान आहे. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा एक एजंट २०२३च्या एप्रिलमध्ये आला आणि म्हणाला, सरकारनं प्रत्येक नोंदीतल्या बदलाचा माग ठेवणं सक्तीचं केलंय, जुनं चालणार नाही, आजच अपग्रेड घ्या. दिरांनी भरले. नियम खरा आहे, १ एप्रिल २०२३पासूनचाच आहे, पण तो कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपन्यांना. दिरांचं दुकान त्यांच्या एकट्याच्या मालकीचं. हे त्यांना वर्षअखेरीला सीएनं सांगितलं.

आणि वार्षिक वर्गणीचा आणखी एक चावटपणा. पुढं मी ते ५,९०० भरलेच. भरताना पडद्यावर ‘दरवर्षी आपोआप नूतनीकरण’ या चौकटीत आधीच बरोबरची खूण केलेली होती. मुलगी शेजारी होती म्हणून काढली. तिनंच सांगितलं, की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ला फसव्या मांडणीच्या तेरा प्रकारांची यादी काढली, त्यात वर्गणीचा सापळा आहे आणि सॉफ्टवेअरची वर्गणी गुपचूप वसूल करत राहणं हाही स्वतंत्र प्रकार आहे. कार्डावरून अशी आपोआप रक्कम जाण्याआधी २४ तास कळवलं पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचाही नियम आहे. म्हणजे पैसे कापण्याबाबतचे नियम आहेत. विकलेली वस्तू किती दिवस चालेल ते सांगण्याबाबत काही दिसत नाही.

‘कोर्टात जा’ म्हणणाऱ्यांसाठी तेही विचारून आले. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागत नाही, असं बरेच जण सांगतात. ते अर्धंच खरं. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः राबून केलेल्या उद्योगाला घेतलेली वस्तू असेल तर तो माणूस ग्राहकच. म्हणजे मी ग्राहक आहे. २०१९च्या कायद्यात ‘अनुचित करार’ ही कल्पनाही आली आहे. ग्राहकाच्या हक्कांना मोठी बाधा आणणारी एकतर्फी अट रद्द ठरवता येते. पण अशी तक्रार जिल्हा आयोगाकडे चालत नाही, राज्य आयोगाकडे जावं लागतं. ५,९०० रुपयांसाठी वकील लावून तारखांना फिरायचं की अहवालाची प्रूफं बघायची? १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. नोंद क्रमांक आला आहे.

मला काय हवं ते अवघड नाही. दहा रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर वजन, किंमत, कधी बनवलं आणि तक्रार कुठं करायची हे छापावं लागतं. सॉफ्टवेअर विकताना बिलावरच, मराठीत, दोन-तीन ओळी छापा. चुकांची दुरुस्ती कुठल्या महिन्यापर्यंत मोफत मिळेल. त्यानंतर सॉफ्टवेअर चालू राहील की बंद पडेल. बंद पडलं तर माझ्या फाइल्स कशा निघतील. युरोपीय संघानं असा कायदा केलाही आहे. डिजिटल माल विकताना दुरुस्त्या कुठल्या महिन्यापर्यंत मिळतील ते खरेदीच्या वेळीच सांगायचं, आणि हा काळ साधारणपणे किमान पाच वर्षांचा हवा. त्यातली मुख्य बंधनं ११ डिसेंबर २०२७पासून लागू होतील. आपल्याकडची कंपनी युरोपात माल विकत असेल तर तिला तिथं हे सांगावंच लागणार. मग कराडच्या बिलावर ती ओळ छापायला शाई किती लागते?

२००३ साली बिलावर ‘सात वर्षं चालेल, पुढं पुन्हा पैसे’ असं छापलं असतं तरी मी घेतलं असतं. घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि माल चांगलाच होता. फक्त मी दर महिन्याला शंभर रुपये बाजूला टाकले असते, आणि दर वर्षी अहवालाची फाइल दुसऱ्या स्वरूपातही ठेवली असती.

सध्या तेच चाललंय. वर्षाची वर्गणी संपायच्या आत जुन्या फाइल्स युनिकोडमध्ये काढून ठेवायच्या आहेत. अकराशेच्या वर आहेत, पंधरा-वीस रोज होतात. बदलताना ‘ष्ट’ आणि ‘ऱ्या’ हमखास बिघडतात. ‘महाराष्ट्र’ प्रत्येक फाइलमध्ये हातानं नीट करावा लागतो. त्या सरांची स्मरणिका परवा झाली. देणगीदार अजून आडनावांप्रमाणेच आहेत.

हे पत्र युनिकोडमध्ये, मुक्ता या फॉन्टमध्ये पाठवत आहे. तो मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा आहे, मोफत आहे आणि त्याच्या परवान्यात वापरायला, वाटायला, बदलायलाही मुभा आहे, त्यामुळं आपल्याकडे उघडायला अडचण येऊ नये. दोन स्तंभांच्या वर जाईल याची कल्पना आहे. कात्री लावावी लागली तर लावा, पण छापण्याआधी एक प्रूफ मला पाठवा.

आपली,
एक डीटीपी व्यावसायिक, कराड
(नाव व पत्ता केवळ संपादकांच्या माहितीसाठी सोबत जोडला आहे.)